एनआयसीयूतून घरी आलेल्या बाळाला सेन्सरचा मोजा घालावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी ३४व्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन १.९ किलो. अकरा दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, आता घणसोलीच्या घरी येऊन दहा दिवस झालेत आणि वजन २.२ किलोवर गेलंय. झोपेत ती भराभरा श्वास घेते, मग काही क्षण श्वास दिसतच नाही, मग पुन्हा सुरू होतो. तिची आई रात्र रात्र तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. मेहुणे पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीहून येताहेत आणि बाळाच्या पायात घालायचा सेन्सरचा मोजा आणू का म्हणून विचारताहेत. त्यात ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके फोनवर दिसतात. तुमच्या आईंचं म्हणणं, पैसे पाण्यात जातील.

मी एनआयसीयूत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, आधी ठाण्यात आणि मग नवी मुंबईत. आता डिस्चार्ज होऊन घरी गेलेल्या बाळांचा फॉलो-अप बघते. बाळाला न तपासता ते ठीक आहे असं मी म्हणणार नाही, तो निकाल तुमच्या डॉक्टरांचा. मोजाबद्दल मात्र सरळ सांगते : आत्ता मागवू नका. पैसे वाया जातील हे त्याचं कारण नाही, कारणं वेगळी आहेत.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तिचा श्वास मधेच थांबतो तो धोक्याचा आहे का, हा पहिला. आणि अकरा दिवस मॉनिटर तिच्यावर लक्ष ठेवून होता, आता कोण ठेवणार, हा दुसरा. दुसरा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा असतो. एनआयसीयूत आईबाप बाळाकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त बघायला शिकतात, त्यात त्यांचा दोष नाही. डिस्चार्जच्या दिवशी वायरी काढल्या की पहिल्यांदा आकड्यांशिवायचं बाळ हातात येतं.

आधी श्वास. मेंदूतलं श्वासाचं केंद्र नवजात बाळात अजून पक्कं झालेलं नसतं, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तर नाहीच. त्यामुळे पाच-दहा सेकंद थांबायचं, मग दहा-पंधरा सेकंद भराभरा श्वास घ्यायचे, पुन्हा थांबायचं, असा क्रम झोपेत दिसतो. या थांबण्यात रंग बदलत नाही, अंग ढिलं पडत नाही आणि श्वास आपोआप परत सुरू होतो. वाढीबरोबर काही आठवड्यांत हे कमी होत जातं. तुम्ही केलेलं वर्णन याच्याशी जुळतंय.

धोक्याचं थांबणं वेगळं असतं. २० सेकंदांहून जास्त काळ श्वास नाही, किंवा कमी वेळ थांबूनही ओठ आणि जीभ निळसर-राखाडी झाली, अंग लुळं पडलं, तर तो अ‍ॅप्नीया. अशा वेळी तळपाय चोळून, पाठीवरून हात फिरवून बाळाला उठवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. ती लगेच ठीक दिसली तरीसुद्धा जायचं. हाक मारून, चोळूनही श्वास आला नाही तर १०८ला फोन आणि तोंडाने श्वास. हे डिस्चार्जच्या वेळी शिकवलं नसेल तर पुढच्या व्हिजिटला बाहुलीवर करून दाखवायला सांगा, लाजू नका. अ‍ॅप्नीया बंद होऊन काही दिवस, साधारण पाच ते सात, निर्धोक गेल्याशिवाय बहुतेक युनिट बाळाला घरी सोडत नाहीत. तुमच्या मुलीला कॅफीन (श्वास थांबू नये म्हणून देतात ते औषध) चालू होतं का आणि ते कधी बंद झालं, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. बंद होऊन दोन-तीनच दिवस झाले असताना घरी आली असेल तर डॉक्टरांशी आजच बोला.

उद्या सकाळी एक करा. ती शांत झोपलेली असताना झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मधल्या थांबण्यामुळे हिशेब चुकतो. ३० ते ६० मधला आकडा ठीक. ६० किंवा वर आला तर थोड्या वेळाने परत मोजा, पुन्हा तेवढाच आला तर दाखवायला न्या. या मोजण्याला कमी लेखू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी फारसं न शिकलेल्या आरोग्यसेविकांसाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं श्वासमापक बनवलं होतं. पुढे गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळं तपासायला शिकवलं, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ, थोडी औषधं आणि शिकलेली नजर, अशा साध्याच गोष्टींवर हे झालं.

आता त्या पायातल्या मोजाकडे वळू. आत काय असतं ते सांगते, म्हणजे मी नको का म्हणते ते कळेल. एक लाल आणि एक इन्फ्रारेड दिवा पायातून प्रकाश सोडतो, समोरचा सेन्सर किती प्रकाश पलीकडे आला ते बघतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक होणारा बदल तेवढा वेगळा काढून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, निघतं. ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७४ची, आणि आमच्या एनआयसीयूतलं मशीनही तिच्यावरच चालतं. म्हणजे तत्त्व खोटं नाही. अडचण बाळाच्या पायाची आहे. पाय हलला की सेन्सरला नाडी आणि हालचाल यातला फरक कळत नाही. पाय गार पडला की नाडीच सापडत नाही. आमच्याकडे प्रोब (मशीनचा पायाला लावायचा सेन्सर) नीट गुंडाळून, वर कपडा झाकूनही अलार्म वाजला की पहिली शंका लाथेची असते. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हे मोठ्या माणसांच्या अभ्यासात २०२०मध्ये स्पष्टपणे पुढे आलं. आपल्या बाळांच्या बाबतीत तेही ध्यानात ठेवायला हवं.

आणि आपल्या घरातल्या बाळाचा पाय म्हणजे काय असतं? तळपायाला काजळाची तीट, घोट्यात वाळे, वर सकाळच्या मालिशचं खोबरेल. फॉलो-अपला आलेल्या एका बाळाचं सॅच्युरेशन प्रोबला मिळेचना, पाय बघितला तर दिवा बरोब्बर तिटेवर. ओल्या बोळ्याने पुसलं आणि आकडा आला. मोजे बनवणाऱ्यांनी हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून ते बनवलेत असं मला वाटत नाही. (कोविडच्या वेळचा बोटाचा ऑक्सिमीटर घरात असेल आणि तो लावून बघितला असेल, तर तो आकडा विसरून जा. मोठ्यांच्या बोटाच्या मापाचा चिमटा बाळाच्या बोटावर काहीही दाखवतो.)

मेहुणे बहुधा आऊलेट कंपनीचा ‘ड्रीम सॉक’ म्हणत असतील. त्याची गोष्ट अशी. आधीचा ‘स्मार्ट सॉक’ कंपनी कोणत्याही वैद्यकीय परवानगीशिवाय विकत होती. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) ऑक्टोबर २०२१मध्ये ताकीद दिली की ऑक्सिजन आणि ठोके मोजून इशारा देणारी वस्तू वैद्यकीय उपकरणात मोडते, परवानगी हवी. तिथली विक्री थांबली. नव्या मोजाला नोव्हेंबर २०२३मध्ये परवानगी मिळाली, पण कोणासाठी? १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी, आणि वजन किमान ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. तुमची मुलगी तीन आठवड्यांची आणि २.२ किलोची. वयातही बसत नाही, वजनातही नाही. मोजा ढिला बसणार, सेन्सर सरकणार आणि रात्री तीनला फोन किंचाळणार. त्यातून तो सामानातून आणलेला, इथे दाद मागायला कोणी नाही.

दोन-तीन आठवड्यांनी ती मापात बसेल, तेव्हा आणावा का, असं तुम्ही विचाराल. तेव्हाही मी घाई करणार नाही. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी त्या वेळी बाजारात असलेले दोन सेन्सर हॉस्पिटलमधल्या ३० बाळांना लावून रुग्णालयाच्या मॉनिटरशी ताडून बघितले, निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. एकाने ऑक्सिजन कमी झालेला पकडला, पण दर वेळी नाही. दुसऱ्याने एकदाही पकडला नाही, शिवाय नाडी खोटीच कमी दाखवली. त्यानंतर उपकरणं सुधारली असणार. तरी मोजा गप्प आहे म्हणजे बाळ ठीक आहे, असं समजून निजणारं घर मला खोट्या अलार्मांनी जागं राहणाऱ्या घरापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

घरी मॉनिटर लावायची ही कल्पना नवी नाही, आणि तिचा इतिहास विचित्र आहे. १९७२ साली अमेरिकेतल्या डॉ. स्टाइनश्नायडर यांनी लिहिलं की झोपेत श्वास थांबणं हेच बाळांच्या अचानक मृत्यूचं पूर्वचिन्ह असावं. त्यांनी तपासलेल्या पाच बाळांपैकी दोन भावंडं दगावली होती. त्या लेखाच्या जोरावर घरगुती अ‍ॅप्नीया मॉनिटरचा मोठा धंदा उभा राहिला. पुढे त्या दोन भावंडांसह स्वतःच्या पाच मुलांचा खून केल्याबद्दल त्यांच्या आईला १९९५ साली शिक्षा झाली. २००१मध्ये एक हजाराहून जास्त बाळांना घरी मॉनिटर लावून केलेला अभ्यास आला. निरोगी बाळांचेही श्वास आणि ठोके अधूनमधून मर्यादेबाहेर जातात, आणि अशा घटनांचा अचानक मृत्यूशी थेट संबंध जोडता येत नाही, असं त्यातून दिसलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते की अचानक मृत्यू टाळायला घरगुती मॉनिटर वापरू नका, बाळाला उताणं, सपाट, घट्ट गादीवर झोपवा. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे : दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत गंभीर घटना, पोटातले आठवडे धरून, साधारण ४३ आठवड्यांच्या वयापर्यंत जास्त दिसल्या. तुमची मुलगी आत्ता ३७ आठवड्यांची धरायची. म्हणून पुढचे सहा आठवडे लक्ष जास्त हवं, हे तिच्या आईचं म्हणणं मुळात बरोबर आहे. फक्त लक्ष कशावर, हा मुद्दा.

तो मोजा तिकडच्या, अचानक मृत्यूच्या भीतीसाठी बनलाय. आपल्याकडे नवजात बाळं दगावतात ती मुख्यतः वेळेआधीचा जन्म आणि कमी वजन, जन्मताना गुदमरणं, आणि जंतुसंसर्ग यांनी. घरी आलेल्या लहान बाळाला संसर्ग झाला तर सहसा आधी ते दूध ओढेनासं होतं, सुस्त पडतं, गार किंवा गरम होतं. सॅच्युरेशन बहुतेक वेळा उशिरा पडतं. बाळ कालच्यापेक्षा कमी प्यालं हे कुठल्याच मोजाला कळत नाही, पण तिच्या आईला कळतं, आणि तीच रात्रभर नाकाखाली बोट धरून दमून गेलीय.

म्हणून तिचं बोट नाकाखालून काढून पोटावर ठेवायला सांगा. पोट गरम, तळपाय गरम : ठीक. पोट गरम, तळपाय गार : थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार : छातीशी घेऊनच हॉस्पिटलला निघा. थर्मामीटरने काखेत ३६.५ ते ३७.५ हवं. खाली असेल तर कांगारू केअर. बाळ फक्त लंगोट आणि टोपड्यात, आई किंवा तुमच्या उघड्या छातीवर उभं, वरून दुपटं. हो, तुमच्याही, वडिलांची छाती तितकीच चालते. तासाभरात ३६.५च्या वर आलं नाही तर दाखवा. वर असेल तर आधी एखादा कपडा कमी करा, मोकळं करूनही ३७.५च्या वर राहिलं तर तेही त्याच दिवशी. वजन अडीच किलो होईपर्यंत टबातली आंघोळ नको, पुसून घ्या. एसी लावायचा तर २६-२७वर आणि झोत बाळावर नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी-धुरी असेल तर ती बंद, याबाबत तुमच्या आईंशी वाद झाला तरी चालेल.

कांगारू केअरवर मी जोर देते कारण त्याचा पुरावा कुठल्याही मोजाहून पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मापासून लगेच छातीशी ठेवल्यावर नवजात मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. तो २०२१ साली छापून आला. तुमची मुलगी त्याहून थोडी मोठी आहे आणि घरी आहे, तरी ऊब, दूध, श्वास तिन्हींसाठी ते चालू ठेवायचं. घरात तीन मोठी माणसं आहेत तर दिवसाच्या पाळ्या लावा. एकाच्या छातीवर बाळ असताना दुसऱ्याने झोपायचं. ज्याच्या छातीवर आहे त्याने जागं राहायचं. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं धोक्याचं आहे.

बाकी हिशेब छोटा आहे. दर दोन-तीन तासांनी दूध, चोवीस तासांत सहा-सात तरी ओले लंगोट, वजन दिवसाला २० ते ३० ग्रॅम. ती सलग दोन वेळा प्यायला उठली नाही, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतेय, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर रात्र असो की ट्रॅफिक, सकाळची वाट बघायची नाही. कुठल्या हॉस्पिटलमध्ये रात्री नवजात बाळाचे डॉक्टर असतात ते आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. तुमच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या आशा ताई ४२व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात का, तेही विचारा. त्यांना दारातून परत पाठवू नका, सोसायटीत ते फार होतं.

अंगावर लावायच्या सेन्सरांच्या मी विरोधात आहे असं समजू नका. फुफ्फुसं नाजूक राहून घरी ऑक्सिजनवर जाणारी बाळं असतात, त्यांना डॉक्टर रुग्णालयाच्या दर्जाचा ऑक्सिमीटर लिहून देतात आणि कोणत्या आकड्याला काय करायचं ते सांगतात. तिथे मशीन हवंच. बंगळुरूच्या बेंपू कंपनीचं मनगटात घालायचं तापमानाचं कडं मला आवडतं. बाळ उबदार असेल तर निळा दिवा, गार पडलं तर नारिंगी दिवा आणि आवाज. एकच प्रश्न, एकच उत्तर, करायचं काय तेही ठरलेलं. फोन लागत नाही, आजीलाही कळतं. कमी वजनाच्या बाळासाठी हा विचार मला जास्त पटतो, तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. आणि २०१९मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने एनआयसीयूसाठी त्वचेसारखे मऊ, बिनवायरचे सेन्सर दाखवले, ते वाचून मी खूश झाले होते. पाच वायरी सांभाळत बाळ आईच्या छातीवर ठेवणं काय असतं आणि चिकटपट्टी काढताना २८ आठवड्यांच्या बाळाची त्वचा कशी निघते, हे आम्ही बघितलंय.

एवढं सांगूनही मोजा घरात आलाच (मेहुण्यांचा उत्साह मी समजू शकते), तर ती पावणेतीन किलोची आणि महिन्याची होईपर्यंत डबा उघडू नका. नंतर वापरायचा तर पाय कोरडा, तेल आणि तीट पुसलेली, वाळे काढलेले. पाय आलटून-पालटून, आणि त्वचेवर लाल खूण राहिली तर त्या दिवशी बंद. अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघायचं. गुलाबी आहे, श्वास घेतेय, हात लावल्यावर हलतेय, तर सेन्सर सरकलाय. तसं नसेल तर आकडा बघत बसायचं नाही, वर सांगितलंय ते करायचं. आणि फोन तिच्या आईच्या उशाशी नको, तुमच्या.

तुम्ही विचारलं नाहीत ते एक शेवटचं, आणि ते घाईचं आहे. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, आरओपीसाठी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार). तुमची मुलगी १.९ किलोची होती आणि आज २१ दिवसांची आहे, म्हणजे नऊ दिवस उरलेत. डिस्चार्ज कार्डावर तारीख आणि डोळ्याच्या डॉक्टरांचं नाव लिहिलंय का बघा. नसेल तर उद्या सकाळी दहाला एनआयसीयूला फोन करून अपॉइंटमेंट घ्या, आणि कानांची तपासणी झाली का हेही त्याच फोनवर विचारून घ्या.